झरीच्या फाट्याच्या अलीकडे

यवतमाळच्या आमच्या मोटारसायकल क्लबचा दरवर्षी एक लहानसा अंक निघतो. रविवारी सकाळी कुठे नाश्त्याला गेलो, रस्ता कसा होता, काय खाल्लं, याची वर्णनं त्यात असतात. पूर्वी ती लिहायचं काम माझ्याकडे होतं. अकरा वर्षांपूर्वीच्या अंकात माझं असंच एक वर्णन आहे आणि त्यात एक वाक्य आहे : 'यूनुसभाई तब्येत बरी नसल्याने झरीच्या फाट्यावरून माघारी फिरले.'

ते वाक्य खोटं आहे. यूनुसभाई त्या फाट्यापर्यंत पोचलेच नव्हते. हे माहीत असणारा मी एकटाच होतो. गेल्या महिन्यात मी त्याच रस्त्याने पुन्हा गेलो. त्या सकाळचं हे वर्णन.

यवतमाळ

यूनुसभाई म्हणजे आमच्या क्लबचे मेकॅनिक. आर्णी रोडवर त्यांचं गॅरेज होतं. स्वतःची गाडी मात्र जुनी, टू-स्ट्रोक, निळा धूर सोडणारी. त्या रविवारी दुपारी झरीच्या रस्त्यावरच्या एका पुलाखाली, नाल्यात ते सापडले. दवाखान्यात नेताना वाटेतच गेले. त्यानंतर मी क्लबमध्ये जाणं सोडलं. गुडघ्यांचं कारण सांगितलं.

मागच्या महिन्यात त्यांची मुलगी नसरीन माझ्या घरी आली. वडील गेले तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. आता काकांबरोबर गॅरेज तीच चालवते आणि क्लबची सभासदही आहे. खुर्चीवर बसली नाही, उभ्यानेच बोलली.

"काका, अब्बाची गाडी चालू केली म्या. पिस्टन, क्लच, वायरिंग, सारं नवं. येत्या रविवारी त्यांच्या नावाची राईड ठेवून राह्यलो. तुमी यायचं."

"मी आता त्र्याहत्तरचा आहे, बेटा."

"तं हळू चाला. त्या दिवशी शेपूट तुमी होते. जागा तुमालेच माहीत."

शेपूट म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्या रांगेत सगळ्यात पुढची गाडी म्हणजे नाक आणि सगळ्यात मागची म्हणजे शेपूट. नाकाने रस्ता दाखवायचा. शेपटाने कोणालाही, काहीही झालं तरी, मागे टाकून पुढे जायचं नाही. पुण्या-मुंबईच्या क्लबांत म्हणे आता मोबाईलवर सगळ्यांचे ठिपके दिसतात. आमच्या रानात रेंज नसते, म्हणून आमची पद्धत जुनीच आहे. नाश्त्याच्या ठिकाणी सगळे पोचले तरी कोणी ताटलीला हात लावत नाही. शेपूट येतो, गाडी स्टॅंडवर लावतो आणि मोठ्याने म्हणतो, "माझ्यामागं कोणी नाही." मगच पहिला घास.

नसरीन दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"अजून एक. त्या दिवशी मले ताप होता. अम्मी अब्बाले म्हणे, आज नका जाऊ. दारातच भांडण झालं, साऱ्या मोहल्ल्यानं ऐकलं. मंग तुमी लिहिलं का अब्बा फाट्यावरून माघारी फिरले. दादीनं तेच धरून ठेवलं. म्हणते, हिनं टोकलं म्हणून तो फिरला, अन् फिरला म्हणून गेला. एका घरात राह्यतात दोघी, पण दादी अम्मीशी सरळ बोलत नाही. मले सांगते, तुझ्या आईले सांग म्हणून. अम्मीले तुमाले एकच विचारायचं आहे. फाट्यावर अब्बा काय बोलले?"

मी म्हणालो, "येतो मी राईडला. तिथेच सांगतो."

आता खरं ते लिहितो. पुढचे चार दिवस मी वाक्य जुळवत होतो. "शमीम वाट पाहत असेल, असं म्हणून हसत गेले." शमीम म्हणजे नसरीनची आई. हे वाक्य मला पसंत पडलं. ऐकायला गोड होतं. तेच घेऊन मी रविवारी पहाटे साडेपाचला स्टेडियमच्या चौकात उभा राहिलो.

पांढरकवडा

नऊ गाड्या होत्या. नाक वैभव, औषधाच्या दुकानवाला, तिशीतला पोरगा. शेपूट नसरीन, वडिलांच्या गाडीवर. तिच्या पुढे मी.

"काका, हात वर करत जा मधात मधात," वैभव म्हणाला. "नाही तं आमाले वाटंल झोपले."

"झोपलो तर पडेन. तेव्हा कळेलच."

सगळे हसले. नसरीनने किक मारली आणि तो आवाज अकरा वर्षांनी माझ्या पाठीमागे सुरू झाला. टर्र नाही, धडधड नाही. रिकामा डबा कोणीतरी लयीत बोटांनी वाजवावा तसा.

डिसेंबरची थंडी. जोडमोह्यापर्यंत आकाशात चांदण्या होत्या. मोहद्याच्या पुढे धुकं लागलं. आधी शेतांत होतं, तुरीच्या कमरेएवढं, मग रस्त्यावर आलं. पुढच्या गाडीचा लाल दिवा सोडला तर काही दिसेना. मागे, आरशात, एकच पिवळा दिवा. नवीन गाड्यांचे दिवे पांढरे असतात. हा जुन्या काचेचा, लोणच्याच्या तेलासारखा पिवळा. तो एका अंतरावर चिकटून होता. मी हळू झालो की तोही हळू व्हायचा.

पांढरकवड्याच्या बाहेर, खुनी नदीचा पूल ओलांडल्यावर, चहाला थांबलो. टपरीवाल्याने ग्लास मोजूनच भरले होते, तरी एक जास्त झाला. "एक गाडी मागं दिसली म्हणून भरला," तो म्हणाला. वैभवने तोही पिऊन टाकला.

माझ्या वयाला थंडीत जे करावं लागतं त्यासाठी मी टपरीमागे गेलो. परत आलो तर रांग हलायला लागली होती. घाईघाईने हेल्मेट चढवलं, हातमोजा एकच सापडला, दुसऱ्याचा नाद सोडला. मागे पाहिलं. चिंचेखाली, धुक्यात, पिवळा दिवा लावून गाडी उभी होती. मी हात केला आणि निघालो. दिवा हलला आणि मागे आला.

सागाचं रान

झरीकडे जाणारा हा रस्ता ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं. दोन्ही बाजूंना साग. डिसेंबरात त्याची पानं सुपाएवढी, वाळलेली, आणि वारा नसतानाही एकेक गळतात. पडताना असा आवाज होतो की कोणीतरी रस्त्याच्या कडेने चालत येतं आहे आणि तुम्ही पाहिलं की थांबतं आहे. या पट्ट्यात वाघ असतो. म्हणून इथे थांबायचं नाही असा क्लबचा दुसरा नियम आहे. याच दुसऱ्या नियमाचा आधार मी अकरा वर्षं घेतला.

तेव्हाही असंच धुकं होतं. मी शेपूट होतो, माझ्या पुढे यूनुसभाई. रानाच्या मध्यावर, तीन साग एका बुडातून निघालेत तिथे, त्यांची गाडी फटफट करून बंद पडली. मी थांबलो. त्यांनी पाना काढला, प्लग खोलला, काजळी पुसायला लागले. दोनदा लावला, दोनदा गाडी बसली. माझ्या बोटांत सणका मारत होत्या. आदल्या आठवड्यातही त्यांच्यामुळे असंच अर्धा तास उभं राहावं लागलं होतं. ते म्हणाले, "वानखडे साहेब, तुमी व्हा पुढं, दोन मिनिटांत आलोच." शेपटाने असं ऐकायचं नसतं. मी ऐकलं.

पुढे एक अरुंद पूल लागतो. मी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होतो. त्या पुलाला कठडा नाही, दवाने वरचा थर निसरडा होतो, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. तो ओलांडला, फाटा ओलांडला, नाश्त्याच्या हॉटेलवर पोचलो. सगळे ताटल्यांसमोर हात चोळत बसले होते. "बोला लवकर, तर्री गार होऊन राह्यली," कोणीतरी ओरडलं. आणि मी ते तीन शब्द बोललो. माणूस मागे टाकून आलो म्हटलं असतं तर हसले असते, शेपटाचं काम काढून घेतलं असतं, आणि लगेच त्या थंडीत परत जावं लागलं असतं. एवढंच होतं. "यूनुसभाई कुठं?" असं विचारलं तेव्हा फाट्यावरून फिरले, बरं वाटत नव्हतं, असं सांगितलं. वाटलं, येतीलच दोन मिनिटांत, मग हसण्यावारी नेऊ. ते आले नाहीत. पूल फाट्याच्या अलीकडे असल्याने माझं खोटं जागच्या जागी बसलं. घरी परतताना पुलावरून पडले, असंच सगळ्यांनी धरलं. एका गुराख्याने त्यांना पाहिलं तेव्हा ते जिवंत होते.

या वेळी तीन साग दिसले तेव्हा माझा हात आपोआप ब्रेकवर गेला. कडेला घेतलं. आरशात पिवळा दिवाही थांबला, पन्नास पावलांवर. डबा वाजवल्यासारखा आवाज सुरू होता.

"नसरीन!" मी हाक मारली.

जळक्या तेलाचा वास आला. मग आवाज अडखळला, फट, फट, आणि बंद पडला. दिवा तसाच राहिला. मी गाडीवरून उतरलो नाही. पोरीची गाडी बंद पडली असेल, ही एक समजूत होती, आणि तरीही मला मागे जाववेना. सागाचं एक पान माझ्या टाकीवर पडलं. मी पुन्हा आरशात पाहिलं तर धुकंच होतं.

लाज वाटते लिहायला, पण मी दुसऱ्यांदा तेच केलं. गिअर टाकला आणि पुढे निघालो. पुलाजवळ आलो तेव्हा दिवा परत मागे होता. पूल ओलांडून वळून पाहिलं. तो पलीकडच्या टोकाला उभा होता. पुलावर आला नाही.

टेकामबाईंचं हॉटेल

हॉटेल म्हणजे कुडाच्या दोन भिंती आणि वर टिनपत्रे. टेकामबाई चालवतात. शेजारीच कोलामांचा पोड आहे, म्हणजे त्यांची वस्ती, पंधरा-वीस घरांची. यवतमाळात आपण पोह्यांवर तर्री ओततो. बाई आलूबोंडा फोडून त्यावर ओततात आणि बाजूला अंबाडीची चटणी देतात, जिभेला झिणझिण्या आणणारी. आपल्याकडे गिऱ्हाईक आलं की काय पाहिजे ते विचारतात. त्या आधी चुलीजवळ बसवतात. बोटं वळायला लागली की मग विचारतात.

मी गाडी लावली. सगळे बाकांवर बसले होते, ताटल्या समोर, हात मांडीवर. वैभव म्हणाला, "बोला काका."

"मी काय बोलू? शेपूट नसरीन आहे. मागे आहे ती."

बाई हातातली परात खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांच्यामागून नसरीन पुढे आली, चुलीपाशी शेकत होती.

"मी इथं आहे, काका. पांढरकवड्यालेच वैभवदादानं मले पुढं घेतलं. माह्या गाडीचा लाईट मंद झालता."

"म्या सांगतलं ना सगळ्याइले," वैभव म्हणाला, "का आता शेपूट वानखडे काका." मग त्याच्या लक्षात आलं. "तुमी टपरीमांगं गेलते."

"मग माझ्यामागे कोण होतं?"

वैभव रस्त्यावर जाऊन आला. "धुकं आहे नुसतं. दूधवाला असंल."

"असंल," बाई म्हणाल्या. "इकडं दूध कोणी आणत नाही, पण असंल."

एक जण हसला. वैभव बाकावर बसला, बोंड्याची ताटली जवळ ओढली. "बोलून टाका, काका. भूक लागली लय."

आठ माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. बोंड्यांवरची वाफ कमी होत होती. माझं गोड वाक्य खिशातल्या चिठ्ठीसारखं तयार होतं, आणि ते तीन शब्दही. दोन्ही निघेनात. मी म्हणालो, "त्या दिवशी यूनुसभाई माझ्यामागे होते. गाडी बंद पडली होती. मी त्यांना सोडून आलो, आणि इथे, याच जागी, मागे कोणी नाही म्हणालो. फाट्यावर ते आलेच नव्हते. माघारी फिरले नव्हते. आपल्याकडे येत होते."

तीन सागांपासून पुढचं सगळं सांगितलं. नसरीनने चुलीतून निघालेलं लाकूड पायाने आत सारलं.

"म्हणजे अम्मीनं टोकलं म्हणून नाही," ती म्हणाली.

"नाही."

"तुमाले हे अकरा वर्षं माहीत होतं."

"हो."

"अन् परवा मी घरी आली तेव्हा?"

"तेव्हाही."

वैभव उठून उभा राहिला. "काका, तुमाले काय म्हणावं?..." नसरीनने त्याला हाताने बसवलं.

"मले जागा दाखवा," ती मला म्हणाली.

नाश्ता कोणी केला नाही. टेकामबाईंनी बोंडे कागदात बांधून वैभवच्या डिकीत ठेवले.

तीन साग

आम्ही दोघंच परत गेलो. ऊन पडलं होतं, धुकं उठत होतं. तीन सागांपाशी मी थांबलो. बोटाने दाखवलं, इथे ते बसले होते, इथे मी उभा होतो. नसरीन खाली वाकली. कडेच्या ओल्या धुळीत माझ्या गाडीचं सकाळचं चाक उमटलं होतं, थांबून पुढे गेलेलं. त्याच्या मागे, पन्नास पावलांवर, दुसरं चाक. तिथपर्यंत आलेलं. पुढे नाही, मागेही वळलेलं नाही. त्याच्याशेजारी तेलाचा रुपयाएवढा डाग, अजून ओला.

तिने बोट लावलं, नाकाशी नेलं. गॅरेजवाल्या माणसाला यात चूक होत नाही.

"टू-स्ट्रोकचं आहे," ती म्हणाली.

"तू इथे थांबली होतीस?"

"नाही."

तिने बोट ओढणीला पुसलं नाही. तसंच मुठीत धरलं. मग गाडी सुरू केली, मीटर पाहिलं, पुलापर्यंत हळूहळू गेली. मी मागून गेलो. एक किलोमीटरही भरला नाही. ती पुलावर उतरून नाल्याकडे बघत राहिली.

"एवढंच मांगं होते," ती म्हणाली. "घरी चला. अम्मीले तुमीच सांगा. मी नाही सांगणार."

आर्णी रोड

परतीचा रस्ता मला आठवत नाही.

यूनुसभाईंचं घर गॅरेजच्या मागे आहे. शमीमभाभी अंगणात तांदूळ निवडत होत्या. मला पाहून त्यांनी पदर डोक्यावर घेतला. नसरीन म्हणाली, "अम्मी, यांचं ऐक." आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

मी सांगितलं. हॉटेलात सांगितलं त्यापेक्षा कमी शब्दांत, कारण त्या मध्येच थांबवून नेमकं विचारत होत्या. गाडी कोणत्या बाजूला तोंड करून होती? झरीकडे. त्यांच्या अंगात स्वेटर होता का? होता. तुम्ही गेलात तेव्हा उजाडलं होतं का? थोडंसं. सुपातले तांदूळ त्यांनी हलवले नाहीत. आतल्या खोलीतून यूनुसभाईंच्या म्हाताऱ्या आईचा खोकला ऐकू येत होता.

"एक सांगा," त्या म्हणाल्या. "ते रागात होते का? सकाळचं भांडण मनात होतं?"

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. गाणं गुणगुणत होते, असंही सांगता आलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर तेवढीच मागणी होती आणि मी त्यांचा देणेकरी होतो. नसरीन माझ्याकडे बघत होती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "तोंडाला मफलर होता. चेहरा दिसला नाही. मी नीट पाहिलंच नाही, मला थंडी वाजत होती."

त्यांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. "चांगलं चांगलं सांगायले आले असते तं म्या विश्वास ठेवला नसता," त्या म्हणाल्या. "म्हणजे बाकीचंही खरं आहे."

मला वाटलं आता रडतील, किंवा मला जा म्हणतील. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदराची धूळ झटकली आणि आतल्या खोलीचा पडदा सारला. नसरीन पुढे झाली, नेहमीसारखा निरोप न्यायला. त्यांनी तिला मागे केलं.

"अम्मा," त्या खाटेकडे पाहून म्हणाल्या, सरळ, मोठ्या आवाजात. "उठा. हे वानखडे साहेब आहेत. यांचं ऐका अन् मंग मले बोला."

खाटेवर म्हातारी उठून बसली, कानावरचा रुमाल सोडला. शमीमभाभींनी माझ्यासाठी खुर्ची खाटेला अगदी लावून ठेवली, एक शब्दही निसटू नये अशी. मी बसलो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.